मोठीची चौदा दातांची चकती

मित्रांनो, माझे दात मोजलेत तर चौदा भरतील, आणि नीट निरखून पाहिलंत तर त्यातला एकही आता सरळ नाही. शर्यतीच्या सायकलच्या मागच्या चाकावर बसणारी मी एक जुनी चकती आहे. तळहातावर मावेन एवढीशी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चकतीला कसलं आलंय चरित्र! म्हणा बापडे. पण एका घरात बापाचं जेवण माझ्यावर अडलं होतं, आणि एक मुलगी माझ्यापायी रोज खोटं बोलत होती. एवढं सगळं पाहून गप्प बसले तर माझंच पोट फुगेल.

माझा जन्म कारखान्यात, पोलादाच्या पत्र्यातून झाला. यंत्राचा एक दणका बसला आणि मी पत्र्यापासून वेगळी झाले. मग कुणी दात कापले, कुणी अंगावर चकचकीत मुलामा चढवला, आणि आम्हा सात बहिणींना एकीला एक लावून डब्यात बंद केलं. सगळ्यांत थोरली चोवीस दातांची, चांगली ऐसपैस. सगळ्यांत धाकटी मी. पण सायकलच्या दुनियेत उलटा कारभार असतो बघा. मागची चकती जितकी मोठी तितकं पेडल हलकं, म्हणून चढ आला की सगळे चोवीसच्या गळ्यात पडतात. मी लहान, म्हणून जड. साखळी माझ्यावर आली की पेडलची एक फेरी मारताना जीव निघतो, पण त्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ पावणेचार वेळा फिरतं. रस्ता सपाट असला, वारा पाठीवर असला आणि पायांत दम असला, की मग माझ्यासारखी मीच.

माझ्याहून लहान चकत्याही असतात, अकरा दातांच्या, बारा दातांच्या. पण त्या मोठ्या माणसांसाठी. अठराच्या आतल्या मुलामुलींना तेव्हा नियम होता की पेडलच्या एका फेरीत सायकल आठ मीटरच्या आतच राहिली पाहिजे. कोवळ्या गुडघ्यांनी भलतं जड पेडल दाबू नये, म्हणून. शर्यतीआधी पंच जमिनीवर रेघा आखून घ्यायचे, सायकल उलटी ढकलत पेडलची एक फेरी पुरी करायचे, आणि चाक रेघेपलीकडे गेलं की सायकल बाद. पुढे पेडलपाशी बावन्न दातांचं चाक आणि मागे मी, एवढंच त्या नियमात बसायचं. म्हणजे मुलांच्या शर्यतीतली सगळ्यांत जड चकती मी. मला या गोष्टीचा भारी ताठा होता.

मी ज्या घरी आले तिथले बाबा बस डेपोत फिटर होते. आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करायची. त्यांना दोन मुली. थोरलीला घरात मोठी म्हणायचे, धाकटीला छोटी. मला आणलं ते मोठीसाठी.

मोठी उंच होती, खांद्याने रुंद, आणि बोलायला महाकंजूष. दहा प्रश्न विचारा, एक 'हं' मिळायचा. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जोरात पडायचा, त्यामुळे सायकलवर उजवा खांदा जरा खाली यायचा. "अगं, सरळ बस ना, एका पारड्याची तराजू झालीये नुसती!" बाबा रस्त्याच्या कडेने ओरडायचे. ती काही बदलली नाही. सायकल क्लबात शिकवणाऱ्या मॅडम त्यांना म्हणाल्या, "राहू द्या हो, वाकडी बसून सरळ पळतेय ना?"

तिची आवडती शर्यत म्हणजे घड्याळाशी लागलेली. या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाला थोड्या थोड्या अंतराने सोडतात. पुढे कुणाचा आडोसा नाही, शेजारी कुणाची सोबत नाही. आपण, रस्ता आणि वारा. तिथे मोठी सुटली की थोड्याच वेळात साखळी माझ्यावर आणून ठेवायची आणि शेवटपर्यंत हलवायची नाही. बाकीच्या सहा बहिणी माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या. बघेनात का! घरी आल्यावर मोठी फरशीवर मांडी घालून जुन्या टूथब्रशने माझे दात एकेक करून घासायची. आई म्हणायची, "आमच्या दवाखान्यात एवढे दात घासून कुणी येत नाही गं बाई." तेवढ्यावर मात्र मोठी हसायची.

मग धुक्यातली ती सकाळ आली. सरावाहून परत येताना, वळणावर, समोरून येणाऱ्या ट्रकला ती दिसली नाही. यापुढचं मी सांगत नाही, मला सांगवत नाही. तिने शेवटची फेरी माझ्यावरच मारायला घेतली होती. ती फेरी पुरी झाली नाही.

बाबांनी सायकल घरी आणली. पुढचं चाक चेपलं होतं, ते बदललं. पुढचा फोर्क बदलला. मागच्या बाजूला मात्र हात लावला नाही. साखळी माझ्यावर होती ती माझ्यावरच राहिली. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीत दोन जाड खुंट्या ठोकून त्यांनी सायकल टांगली. हँडलवरच्या पट्टीवर मोठीच्या घामाचे पांढरे डाग होते, तेही तसेच राहिले. आई एकदा ओलं फडकं घेऊन आली, जवळ उभी राहिली, आणि फडकं तसंच घेऊन परत गेली.

तीन वर्षं मी भिंतीवर होते. माझी हालचाल म्हणाल तर एवढीच, की कुणी दार उघडलं आणि वारा आत आला की चाक थोडंसं फिरायचं. टिक. मग आणखी थोडं. टिक. तेवढ्यानं घरातलं बोलणं जिथल्या तिथे थांबायचं. बाबांचा घास हातातच राहायचा. आता यात नवल काय होतं? चाकात हवा भरायची नळी असते, ती बाजू जड. ती खाली येईपर्यंत चाक हलणारच. बाबा फिटर, त्यांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे! पण ते चाकाकडे बघायचेच नाहीत. ते दाराकडे बघायचे. कुणीतरी बूट काढून आत येईल अशा आशेनं. आई उठून दार लावून घ्यायची, आणि बाबा ताट सारून म्हणायचे, "भूक नाही मला."

खरं सांगू? ती टिकटिक ऐकून मलाही वाटायचं की आता पाऊल पेडलवर पडेल. उजवं, जोरात. मी लोखंडाची बाई, मला भुताखेतांतलं काय कळणार. पण वाट बघणं मला कळतं.

छोटी या तीन वर्षांत वाढली. ती मोठीच्या अगदी उलट. अंगानं किडकिडीत, तोंडाची टकळी अखंड चालू. पण पायांची टकळी तोंडाहून जोरात. पेडल हलकं ठेवायचं आणि पाय भिरभिरवायचे, ही तिची तऱ्हा. क्लबच्या उसन्या सायकलवर ती मॅडमकडे शिकत होती. एक दिवस मॅडम घरी आल्या, पाणी प्यायल्या, भिंतीकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "मुलगी तयार झालीये. निवड चाचणीला उतरवू या. पहिल्या चारांत आली तर शिबिराला जाईल. पण उसन्या सायकलवर किती दिवस काढणार? तिला स्वतःची हवी."

"सायकल आहे की," बाबा म्हणाले, आणि उठून त्यांनी मला, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच, खाली उतरवलं.

छोटीच्या मापाला बसेल म्हणून सीट दोन बोटं खाली करावी लागली, तर बाबांनी आधी जुन्या उंचीवर रंगाची खूण केली. हँडलची पट्टी बदलू दिली नाही. आणि माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, "चौदा. शर्यत यावरच मारायची. नियमात जेवढं बसतं तेवढं पुरेपूर घ्यायचं, सोडायचं कशाला? मोठी यावरच जायची."

"पण बाबा, मला सोळाची बरी पडते. पाय मस्त फिरतात."

"मोठी यावरच जायची," बाबा पुन्हा म्हणाले. विषय संपला.

पहिल्या दिवशी छोटी माझ्यावर गेली. पहाटेचा रस्ता मोकळा होता. तिने जोर लावला आणि मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. साखळी तीच, मीही तीच, आणि इतक्या वर्षांनी माझ्या दातांवर माणसाचं वजन पडत होतं. घरी आल्यावर छोटी पायरीवरच बसली. तोंडातून शब्द नाही, आणि छोटीच्या तोंडातून शब्द नाही म्हणजे काहीतरी बिनसलंच.

"काय गं?" आईने विचारलं.

"काही नाही. चौदावर टाकलं ना, की वाटत होतं पुढे कुणीतरी चाललंय. थोडं पुढे. मी तिच्या मागे मागे जात होते."

बाबा दारात होते. ते खालच्या पायरीवर उकिडवे बसले, तिच्या तोंडासमोर. "दिसली?"

"पाठमोरी."

"खांदा?"

छोटीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "उजवा. जरा खाली."

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. आमटी पुन्हा मागून घेतली. आईनं ती वाढली, आनंदानं की भीतीनं, तिलाच ठाऊक.

छोटीला खरंच काही दिसलं होतं का? मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की त्या सकाळी माझ्यावर दोन पावलं हलकी पडत होती आणि मधूनच एक जड. थकलेली मुलगी असं करतेच. पण मला तेव्हा ते पाऊल ओळखीचं वाटलं होतं, आणि तसं वाटून घ्यायला मला फार आवडलं होतं.

त्यानंतर रोजचंच झालं. छोटी आली की हेल्मेट काढायच्या आधी बाबांचा प्रश्न, "आज होती?" आणि छोटी म्हणायची, "होती." मग ते आणखी विचारायचे. कुठपर्यंत होती? वळून बघितलं का? पुलाच्या चढावर थांबली का तुझ्यासाठी? छोटी उत्तरं द्यायची. एकदा ती चुकून म्हणाली, "आज नाही दिसली," तर बाबा ताटावरून उठले आणि बाहेरच्या खोलीत, रिकाम्या खुंट्यांखाली, जाऊन बसले. त्यानंतर छोटी कधी नाही म्हणाली नाही.

खरं काय चाललंय ते फक्त मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यानंतर घराच्या कोपऱ्यावरून वळलं की छोटी साखळी माझ्यावरून काढून सोळावर टाकायची. सगळा सराव सोळावर. परत येताना त्याच कोपऱ्यावर पुन्हा माझ्यावर आणायची, हळूच, कारण बाबा सायकल हातात घेतल्याबरोबर आधी साखळी कुठे आहे ते बघायचे. माझ्यावरून ती जायची ती फक्त कोपरा ते फाटक. सुरुवातीला मला राग आला. सोळासारख्या मवाळ बहिणीनं माझा मान घ्यावा! पण छोटीचे गुडघे सुजले होते ते मी पहिल्या आठवड्यात पाहिलं होतं. आई गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरायची आणि दोघी एकमेकींकडे न बघता बसायच्या. मग माझा राग गेला.

मॅडमच्या मात्र लक्षात आलं. त्या बाबांना म्हणाल्या, "अहो, हिचे पाय वेगळे आहेत. सोळावर ही वाऱ्यासारखी जाते, चौदावर अडखळते. आणि नियम म्हणजे छत असतं. छत आहे म्हणून डोकं टेकवून चालायचं असतं का?"

"तुम्हाला नाही कळायचं, मॅडम," बाबा म्हणाले. "चौदावर तिला सोबत असते."

मॅडमनी छोटीकडे बघितलं. छोटीने खाली बघितलं.

निवड चाचणी जवळ आली तेव्हा बाबांनी एक काम केलं. ते काम मला अजून आठवलं की दात शिवशिवतात. त्यांनी छोटीसाठी नवी कोरी साखळी आणली. जुनी ताणली गेली होती, बदलायला हवीच होती. पण साखळी आणि चकती जोडीनं झिजतात बघा. साखळीच्या कड्या हळूहळू लांबतात, तसे चकतीचे दात एका बाजूला वाकत जातात. दोघी जुन्या असल्या तर एकमेकींना सांभाळून घेतात. जुन्या चकतीवर नवी साखळी घातली, तर ती दातांत बसते पण धरत नाही. जोर आला की सटकते. त्यातून मी सगळ्यांत लहान, आणि मोठीनं सगळा जोर माझ्यावरच काढलेला. सोळाचे दात अजून शाबूत होते, माझे पार गेले होते. डेपोत हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर याच बाबांनी त्याला उभा आडवा झापला असता.

आई फडक्यानं सायकल पुसत होती. माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबला. "अहो, इकडे या जरा. हे दात बघा, कसे वाकलेत. आमच्याकडे असे आले तर डॉक्टरीणबाई म्हणतात, ठेवून उपयोग नाही, काढून टाका."

"मोठीची चकती आहे ती."

"तेच म्हणतेय मी. मोठीची आहे. ही छोटी आहे."

"हात लावायचा नाही तिला," बाबा म्हणाले. त्यांनी सायकल उचलून हातानंच पेडल फिरवलं. नवी साखळी माझ्यावरून सुळकन फिरली. हातानं फिरवल्यावर फिरणारच! "बघ. काही झालेलं नाही." मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडायला तोंड लागतं, नुसते दात असून काय उपयोग? आणि छोटी माझ्यावर कधी जोरच लावत नव्हती, त्यामुळे तिलाही पत्ता लागला नाही.

चाचणीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. पंचांनी सायकल रेघांमध्ये उलटी ढकलली, फेरी मोजली, मान डोलावली. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. एकेक मुलगी सुटत होती. छोटीची पाळी आली. बाबा शेवटच्या टप्प्यावर जाऊन उभे राहिले होते, जिथे रस्ता किंचित उतरतो. मोठीसाठीही ते तिथेच उभे राहायचे.

छोटी सुटली ती सोळावर. आणि काय सांगू तुम्हाला, काय पळाली ती मुलगी! मी शेजारीच नुसती बसून होते, साखळी माझ्या बहिणीवरून भिरभिरत होती, आणि पहिल्यांदाच मला हेवा वाटला नाही. एक फेरी जड नाही, एक हलकी नाही, सगळ्या सारख्या. त्या फेऱ्यांमध्ये दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं. टाकीला वळसा घालून ती निघाली तेव्हा मॅडम हातातलं घड्याळ उंचावून ओरडल्या, "असंच! असंच चालू दे! चारांत आहेस!"

उतार आला. बाबा दिसले. त्यांनी आधी छोटीकडे बघितलंच नाही, मागच्या चाकाकडे बघितलं. साखळी माझ्यावर नाही हे त्यांना लांबूनच दिसलं.

"चौदा!" ते रस्त्याच्या कडेनं धावत ओरडले. "चौदा टाक! ती पुढे गेली बघ! चौदा टाक!"

छोटीनं एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं आहे. तेवढी भूक कुणाच्या तोंडावर दिसू नये. तिनं साखळी माझ्यावर आणली, सीटवरून उठली, आणि सगळं अंग उजव्या पेडलवर टाकलं.

मी धरायचा प्रयत्न केला हो. चौदाच्या चौदा दातांनी केला. खटकन आवाज आला, साखळी सटकली, पेडल रिकामं खाली गेलं, आणि छोटी रस्त्यावर आपटली.

फक्त माझं चाक हवेत फिरत होतं. टिक, टिक, टिक.

बाबा धावत आले, गुडघ्यांवर पडले, तिला दोन्ही हातांनी धरलं. "मोठे! मोठे, ऊठ! ऊठ गं बाळा, डोळे उघड! मोठे!"

छोटीचे डोळे उघडेच होते. कोपर सोलवटलं होतं, हनुवटीतून रक्त येत होतं. ती म्हणाली, "मोठी नाही, बाबा. मी आहे. मी पडलेय."

बाबांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवून नीट बघितलं.

"आणि पुढे कुणी नसतं," छोटी रडत रडत बोलत होती, थांबतच नव्हती. "पहिल्या दिवशी वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. मग कधीच नाही. मी किती शोधलं तिला. तुम्ही जेवत नव्हतात म्हणून रोज सांगायची. पण ती नाहीये बाबा. मी एकटीच असते. मला पण तुम्ही विचारा ना काहीतरी, माझं."

मागून दुसरी मुलगी सपकन निघून गेली. मग आणखी एक. बाबांनी खिशातून रुमाल काढून छोटीची हनुवटी दाबली. छोटीनं तो हात धरला. तशीच ती उठली. म्हणाली, "मला पूर्ण करायचंय."

बाबांनी सायकल उभी केली. फ्रेम तपासली, ब्रेक दाबून बघितले. साखळी माझ्यावर अर्धी अडकून लोंबत होती. ती त्यांनी बोटांनी सोडवली, हातात धरली, आणि विचारलं, "कोणती?"

"सोळा."

त्यांनी स्वतःच्या हातानं साखळी सोळावर चढवली.

छोटी चारांत आली नाही. बरीच खाली गेली. मॅडमनी पाठीवर थाप मारून सांगितलं की पुढच्या हंगामात बघू, आणि बाजूला जाऊन डोळे पुसले. घरी आल्यावर बाबा कपडेही न बदलता बाहेरच्या खोलीत खाली बसले, चाक काढलं, पाना लावून आम्हा बहिणींना सोडवलं आणि माझ्या जागी नवी, सरळ दातांची चकती बसवली. मला त्यांनी तळहातावर घेतलं. अंगठा माझ्या दातांवरून फिरवत फिरवत, तीन वर्षांत पहिल्यांदा, ते हमसाहमशी रडले. आई शेजारी बसली. तिनं मला त्यांच्या हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

मग काही दिवस मी बाबांच्या शर्टाच्या खिशात होते. डेपोत गाडीखाली काम करताना ते मधूनच खिशावर हात ठेवायचे. मला वाटलं, झालं, भिंतीवरून मी खिशात आले एवढंच. आता आयुष्यभर हा माणूस मला चाचपत राहणार.

एका संध्याकाळी छोटी सरावाहून आली. बाबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, माझ्यावर बोटं आवळली गेली, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आज..." छोटी दारातच थबकली. आईनं पोळी लाटणं थांबवलं. बाबांची बोटं माझ्यावरून सुटली. ते म्हणाले, "आज पाय कसे होते तुझे?"

बस्स! छोटीची टकळी जी सुटली! सोळावर कुठे बरं वाटलं, कुठे पंधरा टाकून बघितली, गुडघा कसा दुखला नाही, पुलावर वारा कसा अंगावर आला, एक कुत्रा कसा मागे लागला. पोळ्या गार झाल्या. बाबा ऐकत राहिले, मध्ये मध्ये विचारत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना खिशात मी आहे हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. आईला मी बादलीत सापडले. तिनं मला पुसलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि पुढच्या भंगाराच्या फेरीला मोडक्या कुलपांबरोबर देऊन टाकलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला विसरू नका, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला विसरले त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं मोठीनं दात घासल्यावरही वाटलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल तर तिच्याशेजारी बसून खुशाल रडा. पण ती दुसऱ्याच्या पायाखाली देऊन 'यावर चाल' असं म्हणू नका. जो चालवतोय त्याला विचारा, तुला कोणती हवी.

आणि माझ्यात मोठी आहे असं कुणी म्हणालं तर खरं मानू नका. मी इतकी वर्षं दात आवळून वाट बघितली आहे. ती माझ्यात असती, तर मी तिला सटकू दिलं असतं का?